साहेबांचे अकरा गडी

गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याच्या बरोबर नव्वद वर्षं आधी, २६ ऑगस्ट १८९२ रोजी, मुंबईच्या जिमखान्यावर युरोपियन आणि पारशी हे दोन संघ समोरासमोर आले. भारतातला पहिला प्रथम श्रेणीचा सामना म्हणून क्रिकेटच्या दप्तरात त्याचीच नोंद आहे. दोन तारखांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण आमच्या मार्कंडा-चामोर्शीकडच्या माणसाला पहिली तारीख पाठ असते, म्हणून दुसरी एकदा वाचली की विसरत नाही.

तो सामना पावसानं धुऊन नेला. ऑगस्टात मुंबईत क्रिकेट खेळायला निघालेल्या माणसांना पावसाची कल्पना नव्हती असं नाही. पावसाळ्यात गव्हर्नराचा सगळा दरबार पुण्याला हललेला असे, पलटणींचे अधिकारी तिथेच असत, शर्यती, मेजवान्या, पोलो, सगळं त्याच महिन्यांत चाले. चांगले खेळणारे अकरा गोरे एका जागी मिळायचे ते याच दिवसांत. तेव्हा मुंबईत एक सामना आणि पुण्यात एक सामना, असा रिवाज पडला. त्याला ‘प्रेसिडेन्सी मॅच’ म्हणत. आकाशापेक्षा साहेबांच्या दिनदर्शिकेला जास्त मान होता.

१८९२ ते १९४६ या चोपन्न वर्षांत हा युरोपियन संघ पुन्हा पुन्हा मैदानात उतरला. दर हंगामात नावं बदलत. कुणाची बदली होई, कुणी रजेवर विलायतेला जाई, कुणी लढाईवर. त्याला स्वतःचं मैदान नव्हतं, स्वतःचं कार्यालय नव्हतं. पाठीशी होता तो १८७५ साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना. तिथे सभासद गोरेच. हिंदी माणूस आत जाई तो ट्रे घेऊन, नाहीतर रोलर ओढायला. आणि तरीही भारतीय क्रिकेटचा इतिहास लिहायचा तर या संघाला वगळून लिहिता येत नाही. त्याच्याविरुद्ध खेळूनच इथले लोक क्रिकेट शिकले.

या संघात असायचे कोण? हौशी खेळाडू. इंग्लंडात तेव्हा क्रिकेटपटूंचे दोन वर्ग होते: पैसे घेऊन खेळणारे आणि न घेता खेळणारे. न घेणारा तो ‘जंटलमन’, घेणारा तो ‘प्लेयर’. लॉर्ड्सवर दोघांचे दरवाजे वेगळे, कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, आणि धावफलकाच्या कागदावर हौशी माणसाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापत, धंदेवाईकाची नंतर. दोन्ही वर्गांचा आपापसातला सामना १८०६ पासून खेळला जात होता. कप्तान मात्र हौशी माणूसच. १९५२ साली लेन हटन कप्तान झाला, तोवर विसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या कसोटी संघाला धंदेवाईक कप्तान मिळालाच नव्हता.

हा हौशी माणूस समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आला की त्याची हौस दुप्पट होई, कारण इथे वेळ होता. सकाळी कवायत किंवा कचेरी, दुपारी झोप, संध्याकाळी जिमखाना. पगार सरकार देत होतं, घरात नोकरांची रांग होती, आणि मैदानाची निगा राखायला माणसं महिन्याला तीन-चार रुपयांत मिळत होती. पैशासाठी न खेळण्याचा अभिमान या सगळ्यावर उभा होता. युरोपियन संघाची हकिगत मी वाचतो तेव्हा माझं लक्ष म्हणूनच फलंदाजापेक्षा रोलर ओढणाऱ्याकडे जास्त जातं. तो पुढे येईलच.

आमच्या भागात हा खेळ का रुजला नाही, हेही इथेच सांगून टाकतो. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून एक अवाढव्य जिल्हा, नागपूर मुक्कामी असलेल्या चीफ कमिशनरच्या मध्य प्रांतात. इथे इंग्रज आले नाहीत असं नाही. जमाबंदी अधिकारी आले, जंगल खात्याचे आले, शिकारी आले. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या आपल्या फेरीत मध्य प्रांतात हिंडला आणि वैनगंगेच्या काठावरच्या मार्कंड्याच्या देवळांचं वर्णन, वीज पडून मोडलेल्या भागासकट, त्याच्या अहवालात आलं. पण जमाबंदीला एक साहेब पुरतो, शिकारीला एक पुरतो, देवळाची मोजमापं घ्यायलाही एक पुरतो. क्रिकेटला बावीस लागतात, निदान अकरा तरी. सबंध चांदा जिल्ह्यात इतके गोरे एका वेळी गोळा करणं कठीण होतं. म्हणून हा खेळ छावणीच्या मागे मागे गेला: कामठी, महू, पुणे, मुंबई. जिथे पलटण तिथे खेळपट्टी. वैनगंगेकाठी पलटण नव्हती.

मुंबईत मात्र हिंदी लोकांत या खेळाचं वेड सगळ्यांच्या आधी लागलं ते पारशांना. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ चा. एस्प्लनेडच्या मैदानावर त्यांची पोरं खेळत आणि त्याच मैदानावर जिमखान्याचे सभासद पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची चाळण होई. पारशांनी अर्ज केले, पुन्हा अर्ज केले, एकदा निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि फिरलाही. हा सगळा झगडा शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तकच लिहून नोंदवून ठेवला आहे. एका क्लबाच्या करमणुकीविरुद्ध इतक्या चिकाटीनं अर्ज लिहिणारी माणसं पुढे काँग्रेसच्या काळात फार दिसली; क्रिकेटनं त्यांची तालीम आधीच करून घेतली होती असं मला वाटतं.

गोरे आणि पारशी यांचा पहिला सामना १८७७ सालचा. पारशांनी १८८६ आणि १८८८ साली विलायतेचा दौरा केला. दुसऱ्या दौऱ्यात डॉक्टर मेहेल्लाशा पावरी यांनी १७० बळी घेतले. मग १८८९-९० च्या हिवाळ्यात जी. एफ. व्हर्नन हौशी खेळाडूंचा संघ घेऊन इकडे आला. हिंदुस्थानात आलेला हा पहिला इंग्लिश संघ. जानेवारीच्या अखेरीस मुंबईत पारशांनी त्याला चार गडी राखून हरवलं. दुसऱ्या डावात पावरींनी ३४ धावांत ७ बळी टिपले. पाहुण्यांच्या सन्मानार्थ ठरलेल्या सोहळ्यांवर त्या दिवशी काय अवकळा पसरली असेल, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत.

त्याच वर्षी लॉर्ड हॅरिस मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. इंग्लंडच्या कसोटी संघाचा माजी कप्तान, केंट परगण्याचा आधारस्तंभ, स्वतः जन्मानं त्रिनिदादचा. त्याच्या कारकिर्दीत पुण्याच्या गणेशखिंडीतल्या गव्हर्नमेंट हाउसवर क्रिकेटची चैन चाले. आज त्या वास्तूत विद्यापीठ आहे. मरीन लाइन्सच्या बाजूला पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांना ओळीनं जागा मिळाल्या त्याही या सुमारास, आणि त्यात त्याचा हात होता. म्हणून पुढे इंग्रज लेखकांनी त्याला भारतीय क्रिकेटचा जनक वगैरे म्हणून टाकलं. मला हे बिरुद पटत नाही. जमातवार जिमखाने म्हणजे जमातवार संघ, आणि त्यातून उठलेली भांडणं पुढची पन्नास वर्षं पुरली. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली तेव्हा गव्हर्नरसाहेब पुण्यातच राहिले, मुंबईला यायला त्यांनी अनेक दिवस लावले, आणि त्यावर वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपून काढलं.

हॅरिसच्या पदरी एक एडीसी, म्हणजे लष्करी मदतनीस, होता: रॉबर्ट पूर. घोडदळातला लष्करी अधिकारी, उंचापुरा. हिंदुस्थानातल्या मैदानांवर त्यानं धावांचा सपाटा लावला, मग त्याच्या पलटणीबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेला आणि तिथे गंमत झाली. १८९५-९६ च्या हंगामात लॉर्ड हॉकचा इंग्लिश संघ तिकडे आला असताना हा इंग्रज दक्षिण आफ्रिकेकडून तीन कसोट्या खेळला! १८९९ साली सुट्टीवर इंग्लंडात असताना त्यानं हॅम्पशायरसाठी सॉमरसेटविरुद्ध ३०४ धावा काढल्या आणि त्या हंगामात त्याची सरासरी ९१.२३ झाली. परदेशात खेळणाऱ्या हौशी इंग्रजाचा हा नमुनाच. देश कुठला, संघ कुठला, याला त्याच्या लेखी फारसा अर्थ नव्हता. पलटण नेईल तिथे तो बॅट काढी.

पण युरोपियन संघाचा खरा कणा पूर नव्हता. तो मान जॉन ग्लेनी ग्रेगचा. जन्म २४ ऑक्टोबर १८७१, गाव महू. म्हणजे हा इंग्रज हिंदुस्थानी छावणीतच जन्मला. अंगकाठी लहान, मनगटं चपळ. १८९३ पासून १९२१ पर्यंत तो युरोपियनांकडून खेळत राहिला. मैदानाबाहेर तो मुंबईच्या गव्हर्नराचा लष्करी सचिव. प्रेक्षकांनी ‘जॉन ग्लेनी’चं ‘जंगली’ करून टाकलं होतं आणि त्यानंही ते आनंदानं चालवून घेतलं. कॅप्टनचा मेजर झाला, पुढे कर्नल झाला, पण कुंपणापलीकडच्या लोकांसाठी तो जंगलीच राहिला. १९०१ साली विलायतेला रजेवर गेला आणि लिव्हरपूलला लँकेशायरविरुद्ध हॅम्पशायरकडून नाबाद २४९ धावा काढून आला. या माणसाला अशी नजर आणि असा सराव कुठून मिळाला, याचं उत्तर पुण्यात आहे.

पुण्याच्या युरोपियनांच्या जिमखान्यात बाळू पालवणकर नावाचा पोरगा कामाला होता. वडील फौजेच्या चाकरीत, जात चांभार, जन्म धारवाडचा. आधी एका पारशी क्लबात मैदान झाडायचा, पगार तीन रुपये. गोऱ्यांच्या जिमखान्यात चार झाले. त्यात खेळपट्टीवर रोलर फिरवणं, जाळी बांधणं, टेनिसच्या कोर्टाला चुना मारणं, सगळं आलं. एक दिवस कुणा सभासदानं त्याच्या हातात चेंडू दिला. डावखुरा, संथ, पण चेंडू दोन्हीकडे वळवणारा. ग्रेगनं त्याला हेरलं. बाकीचे सभासद यायच्या तासभर आधी तो मैदानावर येई आणि बाळूला गोलंदाजी करायला लावी. असं सांगतात की ग्रेग बाद झाला की दर वेळी बाळूला आठ आणे देई. हिशेब करून पाहा: ग्रेगला आठ वेळा बाद केलं की महिन्याचा पगार सुटला. गोलंदाजाला दुसरं कोणतं प्रोत्साहन लागतं?

तास न् तास बाळू गोलंदाजी करी. बॅट मात्र त्याच्या हातात कुणी दिली नाही. फलंदाजी ही सभासदांची हौस. गोलंदाजी हे काम. इंग्लंडातही थोडंफार असंच होतं. हौशी मंडळी सुरेख फटके मारत आणि धंदेवाईक गोलंदाज घाम गाळत. पुण्यात त्यात जातीची भर पडली, आणि ती फक्त गोऱ्यांकडून पडली असं म्हणता येणार नाही. पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूचा हात त्यांना हवा होता, पण हातचं पाणी चालत नव्हतं. मैदानात तो त्यांच्याबरोबर एकाच चेंडूला हात लावी. चहाच्या वेळी त्याला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे, आणि जेवण वेगळ्या जागी.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याची हकिगत मला फार आवडते. पुण्याचा हिंदू संघ येणार आणि त्यात बाळू असणार, हे कळल्यावर तिथल्या माळ्याला दिवसेंदिवस रोलर फिरवून खेळपट्टी दगडासारखी करायला सांगितलं, म्हणजे चेंडू वळणार नाही. बाळूनं तरीही सात गडी गारद केले. आयुष्यभर रोलर ओढलेल्या माणसाला रोलरनं अडवायचा बेत करणाऱ्यांनी थोडा विचार करायला हवा होता. त्यानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात जाहीर समारंभात बाळूचं कौतुक केलं.

प्लेगच्या साथीत बाळू मुंबईला आला, नोकरी रेल्वेत, खेळ परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंचा संघ पहिल्यांदा युरोपियनांसमोर उभा राहिला. जागा बॉम्बे जिमखाना, म्हणजे साहेबांचं अंगण. हिंदूंच्या २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. १०९ धावांनी विजय, आणि युरोपियनांचे आठ बळी एकट्या बाळूचे. समाजसुधारकांच्या पत्रांनी या विजयावर अग्रलेख लिहिले: जातीची अट सोडली म्हणून जिंकलात, आता घरातही सोडा. घरात सुटायला वेळ लागला. तरी इतकं झालं की त्या संघात बाळूच्या जोडीला त्याचा भाऊ शिवरामही होता आणि आता चहा एकत्र होत होता.

हिंदू संघ आता टाळता येत नव्हता. १९०७ पासून सामने तिरंगी झाले, आणि पहिला किताब युरोपियनांनीच नेला. १९१२ मध्ये मुसलमान आले, चौरंगी झाले. नवा संघ आला तशी युरोपियनांची पत एक पायरी खाली आली, पण गर्दी वाढली. झाडांवर, भिंतींवर, तंबूंच्या कनातींवर माणसं.

१९११ साली पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंग यांच्या कप्तानीखाली अखिल भारतीय संघ विलायतेला गेला. निवड समितीचा प्रमुख कोण? मेजर ग्रेग. त्याला बाळूची गोलंदाजी कुणी सांगायची गरज नव्हती. ती त्यानं आठ-आठ आणे मोजून पाहिली होती. शिवरामही निवडला गेला. संघाची दुर्दशा झाली: २३ सामन्यांत १५ पराभव. महाराज बहुतेक काळ मेजवान्यांत. बाळूनं मात्र सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले, तेही खांदा दुखत असताना. इंग्लंडात हे पाहणाऱ्यांना वाटलं असेल की हा कुणी नवा पोरगा आहे. तो तेव्हा पस्तिशीचा होता आणि त्याची ऐन उमेदीची वर्षं पुण्याच्या जाळीत गेली होती.

यानंतर युरोपियन संघाचा सूर बदलतो. पहिल्या महायुद्धानं अधिकारी ओढून नेले. चांगला संघ उभा करायला आता हौस पुरेना. मग धंदेवाईक आले. फ्रँक टॅरंट हा ऑस्ट्रेलियन, पतियाळाच्या पदरी नोकरीला, युरोपियनांकडून खेळू लागला. यॉर्कशायरचा महान डावखुरा विल्फ्रेड ऱ्होड्स १९२१ च्या स्पर्धेत युरोपियनांकडून उतरला आणि त्या वर्षी त्यांनी चौरंगी जिंकली. म्हणजे ज्या संघाचा सगळा डौल पैसे न घेण्यात होता, तो मुंबईत जिंकू लागला पैसे घेणाऱ्यांच्या जिवावर. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण जिमखान्याच्या ओसरीवर बसून हिंदी खेळाडूंना खेळभावना शिकवणाऱ्यांनी हे कधी कबूल केलं असेल असं वाटत नाही.

आणि आता आमच्या नागपूरचा माणूस. सी. के. नायडू, जन्म ३१ ऑक्टोबर १८९५, शिक्षण हिस्लॉपमध्ये. १९१६ साली मुंबईत हिंदूंकडून पहिला सामना खेळला तो युरोपियनांविरुद्धच. संघ अडचणीत, हा खालच्या क्रमांकावर आलेला. पहिले तीन चेंडू सोज्वळपणे अडवले आणि चौथा मैदानाबाहेर. प्रथम श्रेणीतल्या त्याच्या पहिल्या धावा षट्कारानं आल्या. विदर्भात आजही क्रिकेटचं बोलणं निघालं की कुणीतरी हा षट्कार पुन्हा मारतोच.

दहा वर्षांनी, १ डिसेंबर १९२६ ला, तोच बॉम्बे जिमखाना. आर्थर गिलिगनचा एमसीसी, म्हणजे इंग्लंडच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबाचा, संघ दौऱ्यावर आलेला. गिलिगन ससेक्सचा हौशी कप्तान, मोकळ्या मनाचा. नायडूनं दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या, त्यात ११ षट्कार. त्या हिवाळ्यात मुंबईलाच पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी एमसीसीविरुद्ध १४८ काढल्या. हिंदी माणसाकडे उतावळेपणा फार आणि धीर कमी, असं लॉर्ड हॅरिसचं मत होतं. संस्कृतच्या या प्राध्यापकाची खेळी कुणी त्याला कळवली असती तर बरं झालं असतं. तो तेव्हा हयात होता. गिलिगननं तर परतण्यापूर्वी इथल्या मंडळींना सांगितलं की तुम्ही आता स्वतःचं मंडळ काढा, तुम्ही कसोटीच्या लायकीचे आहात. दोन वर्षांत भारतीय क्रिकेट मंडळ निघालं.

दरम्यान पालवणकरांच्या घरात वेगळाच सामना चालू होता. हिंदू संघाचं कप्तानपद बाळूला मिळालं नाही, कधीच नाही. १९२० साली त्याला डावलल्यावर विठ्ठल आणि शिवराम या भावांनी अंग काढून घेतलं. गवगवा झाला. बाळूला उपकप्तान करून परत आणावं लागलं. १९२३ मध्ये धाकट्या विठ्ठलला कप्तानपद मिळालं. अंतिम सामन्यात समोर युरोपियन. हिंदू जिंकले आणि सवर्ण पोरांनी विठ्ठलला खांद्यावर घेऊन मिरवलं. ज्या खेळाची सुरुवात साहेबांच्या हौसेनं झाली तो खेळ आता मुंबईच्या जातिव्यवस्थेची परीक्षा घेत होता, आणि साहेब त्यात निव्वळ प्रतिस्पर्धी उरले होते. बाळू पुढे राजकारणात उतरला आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभा राहून हरला. ती हकिगत क्रिकेटपेक्षा मोठी आहे. ती स्वतंत्रच लिहायला हवी.

१९३३ च्या डिसेंबरात बॉम्बे जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी झाली. पाहुण्यांचा कप्तान डग्लस जार्डिन. हा पक्का हौशी, नखशिखान्त. आणि हा मुंबईचाच. २३ ऑक्टोबर १९०० रोजी मलबार हिलवर जन्मलेला. वडील ऑक्सफर्डचे खेळाडू आणि मुंबईत बॅरिस्टर. ऑस्ट्रेलियात बॉडीलाइनचं, म्हणजे फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकण्याचं, वादळ उठवून तो जन्मगावी आला होता. इंग्लंडनं नऊ गडी राखून सामना जिंकला, पण लोकांनी लक्षात ठेवलं ते लाला अमरनाथांचं ११८ धावांचं शतक. त्यानंतर मुंबईतली कसोटी तिथे झाली नाही. १९३७ साली ब्रेबोर्न स्टेडियम उभं राहिलं आणि क्रिकेटचा मुक्काम जिमखान्यावरून उठला.

त्याच वर्षी चौरंगीची पंचरंगी झाली. ‘रेस्ट’ म्हणजे ख्रिस्ती वगैरे उरलेल्यांचा पाचवा संघ. सांगलीचा विजय हजारे त्यात खेळे. १९४३ साली हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा त्यानं एकट्यानं काढल्या. असल्या धावांच्या डोंगरापुढे युरोपियनांचा संघ केविलवाणा दिसू लागला. कंपन्यांतले गोरे कारभारी, दुसऱ्या महायुद्धात इथे पडाव टाकलेले सैनिक, जे मिळतील ते. कोलकात्यात मात्र कंपन्यांमधले इंग्रज अजून जोरात होते. केंटचा हौशी टॉम लाँगफील्ड तिथे नोकरीला. त्याच्या कप्तानीखाली बंगालनं १९३८-३९ ची रणजी जिंकली. म्हणजे तिथे गोऱ्यांनी आणि बंगाल्यांनी एकाच प्रांताच्या नावानं खेळायचं शिकून घेतलं होतं. मुंबईत तशी सोय कुणी केली नाही. इथे युरोपियन अखेरपर्यंत युरोपियनच राहिले, पंगतीत वेगळ्या पाटावर.

गांधीजींनी १९४० मध्ये जमातवार स्पर्धेविरुद्ध मत दिलं. तरी ती चालू राहिली, आणि १९४६ च्या जानेवारीत बंद झाली. युरोपियन संघाची मुंबईतली वाटचाल तिथे थांबली. मद्रासला अशाच धर्तीचा गोरे विरुद्ध हिंदी सामना स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं भरत राहिला.

ग्रेग हॅम्पशायरला परतून तिथल्या काउंटी क्लबाचा चिटणीस झाला आणि मग साठी ओलांडल्यावर त्यानं कुणाच्या ध्यानीमनी नसताना वळण घेतलं. १९३५ साली तो कॅथलिक धर्मगुरू झाला. १९५८ च्या मे महिन्यात, ८६ व्या वर्षी गेला. बाळू पालवणकर तीन वर्षं आधी, ४ जुलै १९५५ ला मुंबईत गेला. इंग्लंडात हौशी आणि धंदेवाईक हा भेद १९६२ च्या नोव्हेंबरात कायमचा रद्द झाला.

एक सामना सांगायचा राहिला. मार्च १९४५, ब्रेबोर्न स्टेडियम, रणजी स्पर्धेचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध होळकर. मिडलसेक्सचा धंदेवाईक खेळाडू डेनिस कॉम्प्टन लष्करी चाकरीत महूला होता, ग्रेगच्या जन्मगावी. जवळच इंदुरात होळकरांच्या संघाचा कप्तान सी. के. नायडू, वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर. त्यानं या सार्जंटला संघात घेतलं. जिंकायला ८६७ धावा हव्या होत्या. कॉम्प्टननं नाबाद २४९ काढल्या, होळकर ४९२ वर सर्वबाद झाले आणि मुंबई ३७४ धावांनी जिंकली. इंग्लंडचा पहिल्या दर्जाचा कसोटीपटू त्या सामन्यात नागपूरच्या माणसाच्या हुकुमावरून क्षेत्ररक्षणाच्या जागा बदलत होता.